खालची उत्तरंही जातात

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोन केला की दादाच उचलतो, आणि बोलणं त्याच्या गुडघ्यांपासून सुरू होऊन गुडघ्यांवरच संपतं. म्हणून हे पत्र. ईमेलने येतंय, पण तू ते पत्रासारखंच वाच. म्हणजे बसून, चहा घेऊन आणि दादाला न दाखवता.

नव्या नोकरीत नेमकं काय करतेस, असं तू विचारलं होतंस. आईला सांगताना मी 'लिहिण्याचं काम' म्हणते, आणि ती शेजारणीला 'पोरगी पुस्तकं लिहिते' म्हणून सांगते. तुला खरं सांगते. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे कामांचा एक बोर्ड. एकेका कामाचं एकेक कार्ड, आणि कार्डाखाली लोक कमेंट लिहितात, हे झालं, ते राहिलं, माझी शिडी कोणी नेली. हा बोर्ड कसा वापरायचा ते मी लिहिते. आतापर्यंत माणसांसाठी लिहायचे. आता एजंटांसाठी लिहायचंय.

एजंट म्हणजे एआयचे प्रोग्रॅम. मालकाने 'एवढं कर' म्हणायचं आणि यांनी बोर्डावर जाऊन ते करून टाकायचं. त्यासाठी त्यांना टूल देतात. एक टूल कार्ड उघडायचं, एक कमेंट लिहायचं, एक कमेंट काढून टाकायचं. कुठलं टूल काय करतं, हे त्यांना मी लिहिलेल्या चार ओळींतून कळतं. तेवढ्यातूनच. माणूस माझं लिखाण कधीच वाचत नाही, अडला की शेजारच्याला विचारतो. हा वाचक मात्र शब्दन् शब्द वाचतो आणि वाचेल तसंच करतो. मला आधी याचं मोठं कौतुक वाटलं होतं. आता एकेक ओळ चारदा तपासते.

पहिलंच टूल माझ्याकडे आलंय ते कमेंट डिलीट करण्याचं. ते ज्याने बनवलं त्या प्रोग्रॅमरला आम्ही मौनीबुवा म्हणतो. मी त्याला तीन प्रश्न लिहून पाठवले. कमेंटखाली लोकांनी उत्तरं दिली असतील तर तीही जातात का? डिलीट केलेलं परत आणता येतं का? दुसऱ्या कोणाची कमेंट एजंट काढू शकतो का? त्याचं उत्तर आलं, 'हो.'

तिन्हींना मिळून एक हो! जागेवर जाऊन विचारावं तर कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला. खांद्यावर हात ठेवला तर दचकतो आणि म्हणतो, "लिहून पाठव ना."

दादाचे गुडघे कसे आहेत, हे विचारत नाहीये.

तुझी,
टिचकी

९ फेब्रुवारी

टिचके,

विनंती विशेष काही नाही, तक्रार विशेष आहे. तुझं पत्र दादाने वाचलंच. चहा घेऊन बस म्हणालीस, मी बसले, आणि मी बसलेली दिसली की त्याला काहीतरी संशय येतो. एजंट म्हटल्यावर तो म्हणाला, "विम्याच्या कंपनीत लागली का ही? मला पॉलिसी नको म्हणावं." मी समजावलं. त्यावर म्हणाला, "म्हणजे काम करणारा दिसत नाही आणि चुकला तर सापडत नाही. विमाच की."

तुमचा तो बोर्ड मला चांगला माहीत आहे ग बाई. आमच्या वृद्धाश्रमात नवे मॅनेजर आल्यापासून सगळं त्यावरच चालतं. कोणाला कुठलं औषध, कोणाची चादर, कुठला दिवा गेला. खाली कोपऱ्यात तुमच्या कंपनीचं नाव आहे, त्यामुळे बोर्ड अडकला की मी मनातल्या मनात तुलाच चार शब्द सुनावते. पूर्वी पाळी बदलताना आम्ही समोरासमोर उभ्या राहून सांगायचो. आता मॅनेजर म्हणतात, "सिस्टर, बोलण्यात वेळ घालवू नका, कमेंट टाका." आणि टाकली की म्हणतात, "सिस्टर, एवढी लांब?"

मी माझ्या दुसऱ्या मजल्यावर खुश आहे. आमचा विसरणाऱ्यांचा मजला. एक आजोबा रोज मला विचारतात की मी नवीन आहे का, आणि हो म्हटलं की धीर देतात, "घाबरू नकोस, माणसं चांगली आहेत इथली." माझ्या आईची ती शेवटची वर्षं मी काढली म्हणून मला हे जमतं, असं सगळे म्हणतात. काढली म्हणजे काय, दुसरं करणार तरी काय होते.

तुझ्या त्या बुवाला एका वेळी एकच प्रश्न विचार. उत्तर येईस्तोवर दुसरा विचारू नकोस. आजोबांशी मी असंच करते.

वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं औषध लागू पडलं. एकेक प्रश्न विचारला. पण उत्तरं मिळाल्यावर वाटलं, नसती मिळाली तर बरं होतं.

एक, हो, खालची उत्तरंही जातात. सगळी. दोन, परत येत नाहीत. तीन, मालकाने परवानगी दिली असेल तर एजंट कोणाचीही कमेंट काढू शकतो. मी स्वतः चाचणीच्या बोर्डावर करून पाहिलं. माणसाने डिलीट दाबलं तर पडद्यावर चौकट येते, 'याखालची उत्तरंही जातील, चालेल ना?' एजंटसाठी ती चौकटच नाही. का नाही म्हणून विचारलं, तर मौनीबुवा म्हणाला, "त्याला डोळे कुठे आहेत चौकट बघायला?"

म्हटलं ठीक, चौकट नाही तर मी आहे. मी लिहिलं, 'हे टूल दिलेली कमेंट आणि तिच्याखालची सर्व उत्तरं कायमची काढून टाकतं. ती परत आणता येत नाहीत. उत्तरं असतील तर आधी ती वाचा आणि काढण्यापूर्वी माणसाला विचारा.' आयुष्यात एवढी साधी, सरळ वाक्यं मी लिहिली नसतील. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे माझ्या मॅनेजर, वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर कोणीतरी सतत बसलेलं असतं. म्हणाल्या, "हे वाचून एजंट दर वेळी थांबतोय. विचारतोय, काढू का, काढू का. ग्राहक म्हणतात, मग आमचा माणूस काय वाईट होता?"

मी म्हटलं, "विचारू दे की. पुसलेलं परत येत नाही."

"तू लिहितेस ते दर वेळी तो वाचणार, आणि वाचल्या शब्दाचे आपल्याला पैसे पडतात. एका ओळीत बसव."

"एका ओळीत खोटं बसेल."

"खोटं कुठे? कमी."

मी दुसऱ्यांदा लिहून दिलं, तिसऱ्यांदा दिलं. भांडले, वहिनी, खरोखर भांडले. बाकीची टेबलं माना वळवून बघत होती. बाईंच्या वरच्या साहेबांना मेल केली. त्यांनी अंगठा पाठवला. तो अंगठा वर करून दाखवायचा असतो ना, तो. कशाला होता कोणास ठाऊक. शेवटी बाईंनी माझ्यासमोर बसून स्वतः बदललं. आता तिथे एवढंच आहे, 'दिलेली कमेंट काढून टाकते.' आणि खाली लेखक म्हणून माझं नाव.

घरी येऊन मी भांडी घासली. एकटीची भांडी ती किती असणार? स्वच्छ होती तीही घासली.

तू लिही काहीतरी. आजोबांचं लिही.

टिचकी

१४ मार्च

टिचके,

उत्तराला उशीर झाला. मी सध्या घरीच आहे. थोडी रजा घेतली. बरेच दिवस घेतली नव्हती, शिल्लक होती.

विशेष काही नाही. कपाटं आवरली.

एक विचारायचं होतं. मागे तू राहायला आली होतीस तेव्हा मी तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते का? खरं सांग. राग येणार नाही.

दादा बरा आहे.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

किती कोरडं पत्र! तारीख आणि सही काढली तर मध्ये काय राहिलं? मी चारदा वाचलं आणि शेवटी माझ्या लक्षात आलं. तुझं आणि दादाचं वाजलंय. त्यानेच म्हटलं असणार, तू तेच तेच बोलतेस म्हणून. हो ना?

मग ऐक खरं. हो, सांगत होतीस. एकदा नाही, दहादा! त्या तुमच्या मॅनेजरच्या बुटांच्या आवाजाची गोष्ट तू मला येताना सांगितलीस, जेवताना सांगितलीस आणि बसमध्ये बसवताना खिडकीतून सांगितलीस. तुझी सवयच आहे ती, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तू काही नवीन विसरायला लागलेली नाहीस, तू पहिल्यापासून अशीच! दादाला म्हणावं, ऐकायचं नसेल तर कानात बोंडं घाल, आमचा मौनीबुवा घालतो तशी.

रजा घेतलीस ते छान केलंस. इथे ये चार दिवस. माझं ते एका ओळीचं टूल सगळ्या ग्राहकांना देऊन झालं. कोणाची तक्रार नाही. बाई म्हणाल्या, "बघ, उगाच घाबरत होतीस." कदाचित खरंच उगाच असेल. माझं डोकं फार तापतं हल्ली.

टिचकी

२२ मार्च

चि. टिचकी हिस,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझी वहिनी शेजारच्या खोलीत झोपलेली आहे, म्हणजे पडलेली आहे.

तिने रजा घेतलेली नाही. तिला निलंबित केलंय. त्यांच्या मजल्यावर टेलरकाकू म्हणून एक बाई आहेत, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. दुसऱ्या पाळीच्या मदतनिसाने त्यांना आंघोळीला बसवलं आणि नळाला उकळतं पाणी आलं. दोन्ही पाय भाजले. आता दवाखान्यात आहेत, जिवाला धोका नाही, पण त्या वयात कातडी लवकर भरत नाही.

तुझी वहिनी म्हणाली, नळ बिघडलाय हे मी बोर्डावर लिहिलं होतं, कोणालाही तिथे आंघोळ घालू नका म्हणून. त्यांनी बोर्ड उघडून दाखवला. तिथे काही नाही. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, सिस्टर, कुठे लिहिलंत, दाखवा. आता चौकशी आहे.

पहिले दोन दिवस ती भांडली. मग मला म्हणाली, मी लिहिलंच नसेल, मला फक्त वाटलं असेल. आईला असंच सुरू झालं होतं. तुझं पत्र आल्यावर ते हातात घेऊन बसली होती आणि म्हणाली, टिचकीपण तेच म्हणते.

तू गंमत केलीस हे मला कळतं. मी तिला सांगितलं. पण ती ऐकत नाही. काल एकटीच कुठेतरी जाऊन आली. कुठे ते सांगत नाही.

तू त्या कंपनीत आहेस म्हणून लिहिलं. बोर्डावरचं असं नाहीसं होतं का? तपासणी यायची होती म्हणून मॅनेजरने त्या एआयकडून बोर्ड साफ करून घेतला होता, एवढं तिथल्या वॉचमनने मला सांगितलं. मला त्यातलं काही कळत नाही.

तुझा,
दादा

२३ मार्च

वहिनी,

दादाने मला सगळं लिहिलंय. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड.

मी त्या पत्रात जे लिहिलं ते मूर्खासारखं लिहिलं. गोष्ट पुन्हा सांगणं म्हणजे विसरणं नव्हे. तुला ती गोष्ट आवडते म्हणून तू ती सांगतेस. मी गंमत केली, आणि ती किती वाईट जागी लागली हे मला काल कळलं. मला माफ कर, हे लिहून काही होत नाही, तरी कर.

आता दुसरं, आणि हे नीट वाच. तू लिहिलं होतंस. मला खात्री आहे. फक्त एवढं सांग, तू ती कमेंट वेगळी लिहिलीस की कोणाच्या कमेंटखाली उत्तर म्हणून लिहिलीस? आठव आणि लगेच कळव. फोन कर, दादाने उचलला तरी चालेल.

वहिनी, ते टूल मी तुला सांगितलं होतं तेच आहे. ती एक ओळ माझीच आहे.

टिचकी

२५ मार्च

टिचके,

तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. बोलताना मला रडू येतं आणि मग दादा घाबरतो.

तू विचारलंस म्हणून सांगते. प्लंबरने लिहिलं होतं, 'वॉल्व्ह बदलला, काम झालं.' मी त्याच्याखाली उत्तर लिहिलं. 'झालेलं नाही. आज पुन्हा उकळतं पाणी आलं. इथे कोणालाही आंघोळ घालू नका. तिसऱ्या मजल्यावर न्या.' मला अक्षरं दिसतात. डाव्या हातात कोणाचा तरी टॉवेल होता म्हणून एकाच बोटाने लिहिलं, तेही आठवतं. मग मी खाली गेले, कारण एका आजींचा मुलगा आला होता, आणि पाळी संपली तशी घरी आले.

पण टिचके, माझ्या आईलाही सगळं असंच स्वच्छ आठवायचं. जे झालेलंच नव्हतं तेही. ती मला सांगायची की ती सकाळी बाजारात जाऊन आली, भाजीवाली काय म्हणाली, पिशवी कशी फाटली. आणि ती चार महिने अंथरुणातून उठली नव्हती. मी तिच्याशी वाद घालायचे नाही. हो म्हणायचे. आता तुम्ही दोघं मला हो म्हणताय, असं मला वाटतं. दादा म्हणतो तू लिहिलं असशील. 'असशील' म्हणतो. तू म्हणतेस खात्री आहे. तुला कशी खात्री? तू तिथे होतीस?

मी चार दिवसांपूर्वी दादाला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले. मेंदूच्या. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, जे मी आमच्या मजल्यावर इतरांकडून करून घेते तेच. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहात. मला वाटलं, मला उत्तरं पाठ आहेत म्हणून बरोबर आली.

टेलरकाकूंना भेटायला मला परवानगी नाही. त्या माझे ब्लाऊज बघून शिलाईला नावं ठेवायच्या. त्यांचे पाय मी रोज पुसायचे.

चौकशीत मी मान्य करणार आहे. लिहिलं नाही म्हणून. मग हे संपेल तरी.

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

काहीही मान्य करू नकोस. सहीसुद्धा करू नकोस. हे पत्र संपेपर्यंत तरी नाही.

काय झालं ते असं. तुमच्या मॅनेजरने एजंटला सांगितलं असणार, काम झालेल्या जुन्या कमेंट काढून बोर्ड स्वच्छ कर. एजंटला प्लंबरची 'काम झालं' दिसली. काढण्यासारखीच होती. त्याने माझी ओळ वाचली, 'दिलेली कमेंट काढून टाकते.' काढली. खाली तू होतीस. तू गेलीस. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तू जाशील. मी सांगितलं होतं, ते आम्ही खोडलं.

मी हे घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "त्या तुझ्या नातेवाईक आहेत ना? मग तू यात पडूच नकोस." मी म्हटलं, निदान त्या वृद्धाश्रमाला कळवा. म्हणाल्या, ग्राहकाने विचारल्याशिवाय आपण काही सांगत नाही. मी म्हटलं, विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नाही! त्या म्हणाल्या, "तेच तर."

बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले. मौनीबुवा खालून वर येत होता. कानातली बोंडं काढून म्हणाला, "काय झालं?" एवढा मोठा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. सांगितलं. तो पायरीवरच बसला. मग म्हणाला, मजकूर गेला तो गेला. पण डिलीटची नोंद सर्व्हरवर राहते. कुठल्या कार्डावर, कधी, कोणी काढली, सोबत कोणाकोणाची उत्तरं गेली. ग्राहकाने मागितली तर द्यावीच लागते. "असं होईल हे माहीत असतं," तो म्हणाला, "तर मी ती चौकट केली असती. आता करतो." मग वर निघून गेला. माझा राग कोणावर काढायचा ते मला कळेना.

ग्राहकांच्या मदतीचं पान वेबसाइटवर मीच चढवते, त्याची किल्ली माझ्याकडे असते. आज सकाळी मी ते पान बदललं. कोणाला विचारलं नाही. आता तिथे माझी जुनी वाक्यं जशीच्या तशी आहेत. खाली हेही आहे, 'एजंटने काढलेल्या कमेंटची आणि तिच्यासोबत गेलेल्या उत्तरांची नोंद ग्राहकाला लेखी मागणी केल्यावर मिळते.' ते पान या मेलला जोडलंय. दादाला प्रिंट काढायला सांग. चौकशीच्या टेबलावर ते ठेव आणि म्हण, ही नोंद मागवा. बाकी एक शब्द बोलू नकोस.

आणि तू विचारलंस ना, तुला कशी खात्री, तू तिथे होतीस का. नव्हते. पण तुझ्या बोर्डावर काय होऊ शकतं हे लिहिण्यासाठी मला पगार मिळतो, आणि ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं.

टिचकी

२९ एप्रिल

टिचके,

फोनवर तुला निकाल सांगितला, पण दादा शेजारी उभा राहून मीच सांगतो मीच सांगतो करत होता, त्यामुळे धड काही बोलता आलं नाही.

नोंद मागवायला मॅनेजर तयार नव्हते. म्हणाले, यांच्या नणंदेने लिहिलेलं पान आहे. मला वाटलं संपलं. पण समितीत एक निवृत्त हिशेबनीस होते, ते म्हणाले, "नणंद असो नाहीतर जाऊ असो, नोंद मागवायला काय हरकत आहे?" मागवली. आली. न्हाणीघराचं कार्ड, एजंटने एक कमेंट काढली, सोबत दोन उत्तरं गेली. एक माझं. दुसरं कोणाचं, माहीत आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचं. माझं वाचून तिनेही लिहिलं होतं, 'बरोबर आहे, इथे आणा.' तिला विचारलं तर म्हणाली, हो, लिहिलं होतं की. मग आधी का नाही बोललीस? म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही, आणि बोर्डावर दिसेना तेव्हा वाटलं, मी दुसऱ्याच कुठल्या कार्डावर लिहिलं असेल.

म्हणजे तीही.

मला कामावर घेतलं. पण एक लेखी समजही दिली, की महत्त्वाची सूचना फक्त बोर्डावर न लिहिता तोंडीही द्यायला हवी होती. ज्या माणसाने मला बोलण्यात वेळ घालवू नका म्हणून सांगितलं त्याची खाली सही. मी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. हिशेबनीस जाताना म्हणाले, "घ्या बाई, एवढ्यावर सुटलात." सुटले म्हणजे? मी अडकले कशी होते?

टेलरकाकूंना भेटले. पायांवर पट्ट्या आहेत, चालायला वेळ लागेल. त्यांना आंघोळीचं काही आठवत नाही. मला बघून म्हणाल्या, "किती दिवस दिसली नाहीस, सासरी गेली होतीस काय?" मी हो म्हटलं.

तुझं वाईट वाटतं. तुमच्या वकिलांनी ते पान ठेवायला सांगितलं हे ठीक, पण 'माणसाला विचारा'च्या जागी 'विचारणे इष्ट' केलं, आणि तुला तिथून उचलून लोकांना 'शाब्बास, आज तुमची सगळी कामं झाली!' असं लिहायच्या टेबलावर बसवलं, हे काही मला समजलं नाही. दादा म्हणतो, सोडून दे आणि इकडे ये. मी म्हणते, सोडायची तर दुसरी हातात आल्यावर सोड. तो मौनीबुवा चौकट करतो म्हणाला होता, ती झाली का? त्याच्या पाठीशी लाग. एका वेळी एकच प्रश्न.

तुझ्यावर राग नाही. त्या गमतीचा तर अजिबात नाही. राग आहे तो माझा माझ्यावर, की त्यांनी पडदा वळवून दाखवला आणि मी पडद्याचं ऐकलं. इतकी वर्षं लोकांच्या डोक्यातलं ओळखत आले, आणि स्वतःचं डोकं त्यांच्या हवाली केलं.

आणि ते अजून पूर्ण परत आलेलं नाही, टिचके. काल जेवण झाल्यावर दादाने सहज विचारलं, गॅस बंद केलास ना? मी केला होता. बटण फिरवल्याचं मला आठवत होतं, ज्योत जाताना होणारा आवाजसुद्धा आठवत होता. तरी मी उठले आणि बघून आले. बंद होता. परत येऊन बसले. दादा पेपर वाचत राहिला. थोड्या वेळाने मी पुन्हा उठले.

वहिनी